सिग्नलला मूठ पिळली की गुदमरते: बुलेट ३५० वरचा २८ चा कार्ब

माझी गाडी १९९८ ची बुलेट ३५०. कास्ट आयर्न इंजिन, राईट गिअर, पॉइंटवाली. मूळचा २४ मिलिमीटरचा मिककार्ब (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोलचं मिक्श्चर करून इंजिनाला देणारा भाग) काढून मी बुलेट ५०० ला येणारा २८ चा व्हीएम जातीचा कार्ब बसवला. असं करणारा मी पहिला नाही आणि शेवटचाही नसेन. चौथ्या गिअरला सत्तरच्या पुढे गाडी जी सुटते, ती सुटल्यावर पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. अडचण सत्तरच्या पुढे नाहीच. अडचण स्वारगेटच्या सिग्नलला आहे.

तक्रार अशी. गाडी गरम झाली की स्लोवर (मूठ पूर्ण सोडलेली असताना) ठोके घेत मस्त उभी राहते. सिग्नल सुटला, क्लच सोडत मूठ पिळली, की क्षणभर काहीच होत नाही. मग इंजिन गुदमरल्यासारखा ‘भक्क’ आवाज काढतं, कधी कार्बच्या तोंडातून ‘फट्’ करतं, आणि दहातून दोनदा बंदच पडतं. मागून रिक्षावाल्याचा हॉर्न, आणि आपण भर रस्त्यात किक शोधतोय. हळूहळू रेस दिली तर काही त्रास नाही. तीनदा सेटिंग केलं. पहिल्यांदा काही फरकच पडला नाही, पुढे दोनदा गाडी सुधारली आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या वेळी कारण सापडलं, आणि ते माझ्याच हातात होतं. अगदी शब्दशः.

आमच्या मिस्त्रींनी कार्ब बसवतानाच सांगितलं होतं, “साहेब, तोंड मोठं केलंत, पण छाती तीच आहे.” तेव्हा हसलो. नंतर गणित मांडलं. २८ च्या नळीचं क्षेत्रफळ २४ च्या नळीपेक्षा साधारण ३६ टक्के जास्त. इंजिन मात्र तेच, ३४६ सीसी. कमी रेसवर ते हवाही तेवढीच ओढणार. तेवढीच हवा रुंद वाटेनं जायची म्हणजे सावकाश जाणार, पात्र रुंद झालं की नदी संथ होते तशी. आणि कार्बमध्ये पेट्रोल वर खेचतो तो हवेचा वेगच. तुम्ही झटक्यात मूठ पिळता तेव्हा पिस्टन (कार्बमधली स्लाईड, आपल्याकडे तिला पिस्टनच म्हणतात) वर उचलला जातो, हवा भसकन आत येते, पण जेटमधलं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातलं) पेट्रोल तेवढ्या चपळाईनं उठत नाही. क्षणभर मिक्श्चर पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि तोच तो ‘भक्क’. शर्यतीच्या गाड्यांच्या काही कार्बना अशा वेळी पेट्रोलची चिळकांडी मारणारा पंप असतो. व्हीएमला तो नाही. म्हणून त्याला खालच्या रेसवर आधीच थोडं जाड (पेट्रोल जास्त) ठेवावं लागतं.

माझी पहिली चूक सगळेच करतात ती. मेन जेट ११० चा होता, कुणाच्या तरी सल्ल्यानं १२० टाकला. सिग्नलवर फरक शून्य. अ‍ॅव्हरेज मात्र पडलं आणि हायवेला प्लग काळा यायला लागला. मेन जेट पूर्ण रेसच्या आसपास कामाला येतो. पाऊण मुठीच्या अलीकडे त्याचं फारसं चालत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण मूठ कोण उघडतं?

हे ऐकून पटलं नसतं, म्हणून मोजून पाहिलं. एअर फिल्टरचा पाइप काढला आणि पिस्टनखाली ड्रिलचे बिट सरकवले. २८ मिलिमीटरचा पाव हिस्सा ७ मिलिमीटर, म्हणून ७ चा बिट जेमतेम सरकेल तिथे पाव मूठ. साडेतीनचा बिट म्हणजे अष्टमांश. १४ चा बिट घरात नव्हता, तिथे सॉकेटचा तुकडा चालला. प्रत्येक ठिकाणी मुठीच्या रबरावर पांढऱ्या टेपची खूण केली आणि स्विचच्या डब्यावर एक रेघ ओढली. मग कोथरूड ते हडपसर सकाळच्या गर्दीत गेलो. एकदा ओव्हरटेक करताना सोडलं तर टेप पावाच्या पुढे गेलीच नाही. पाव मुठीत बुलेट पन्नास-पंचावन्न आरामात धरते. रस्त्यावरचा रिस्पॉन्स म्हणून आपण जे काही शोधतो ते सगळं या पहिल्या पाव मुठीत आहे, आणि तिथे पायलट जेट (स्लोचं पेट्रोल देणारा छोटा जेट), एअर स्क्रू, पिस्टनचा कट आणि थोडीफार सुई (पिस्टनला लटकलेली, त्याच्याबरोबर वर-खाली होऊन पेट्रोलची वाट उघडणारी) एवढ्यांचंच राज्य आहे. शर्यतवाले मेन जेटपासून सुरुवात करतात. त्यांचं बरोबर आहे, ते मूठ पूर्ण उघडूनच चालवतात.

आता जेटला हात लावण्याआधीच्या गोष्टी. जुन्या मिस्त्री लोकांचं एक म्हणणं आहे की कार्बचे निम्मे आजार पॉइंटमध्ये (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचमध्ये) असतात, आणि बुलेटच्या बाबतीत ते खरं आहे. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा. अ‍ॅडव्हान्सची वजनं (रेसबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) गंजून अडकली असतील तर रेस दिल्यावर टायमिंग पुढे सरकत नाही आणि गाडी हुबेहूब अशीच गुदमरते. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर बघा: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी मरते आणि झाकण उघडलं की श्वास सोडून पुन्हा चालू होते. ही ओळख सोपी आहे. फ्लोट (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता) एकदा बघून घ्या, कार्ब उलटा धरल्यावर त्याची पट्टी बॉडीच्या कडेला समांतर असावी. माझ्याकडे हे सगळं ठीक होतं.

मग प्रश्न येतो की गुदमरणं पातळ मिक्श्चरचं की जाड मिक्श्चरचं. दोन्हींत गाडी रेस घेत नाही, पण ढंग वेगळा. पातळ असेल तर कार्बमधून ‘फट्’ उलटं मारते, चाळीसच्या स्थिर वेगाला आचके देते, आणि रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात (सायलेन्सरचा जॉइंट लीक असेल तरी फुटतात, आधी तो बघा). जाड असेल तर आवाज भरभरा, जड येतो, धुराला पेट्रोलचा वास, आणि गाडी गरम झाल्यावर त्रास वाढतो. खात्री करायची तर चोक. गरम गाडीवर चोक अर्धा उचलून तीच रेस द्या. सुधारली तर पातळ, आणखी बिघडली तर जाड. माझी सुधारली.

दुसऱ्या वेळी मी एअर स्क्रू आत घेतला. व्हीएममध्ये हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा मोजतो, म्हणून आत घेतला की मिक्श्चर जाड होतं. काही कार्बमध्ये स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तो पेट्रोल मोजतो आणि त्याचं सगळं उलटं. हे उलटसुलट झाल्यामुळे वैतागलेली माणसं मी पाहिली आहेत, एक आरशात पाहिला आहे. असो. स्क्रू आत घेतल्यावर गाडी छान झाली. पंधरा दिवस. तिसऱ्या वेळी पायलट २५ चा काढून ३० चा टाकला, सुईची क्लिप एक घर (खाच) खाली केली. (क्लिप खाली म्हणजे सुई वर, म्हणजे मिक्श्चर जाड. घरं वरून मोजायची.) पुन्हा छान. या वेळी दहाच दिवस.

आणि मग एक नवीन लक्षण दिसलं, ज्यानं उत्तर दिलं. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येईना. वरच लटकून राहायचं आणि तीन-चार सेकंदांनी सावकाश उतरायचं. केबलमध्ये ढील होती, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं, रेस वाढत नव्हती. मग हवा कुठून तरी चोरून आत जात होती.

कार्ब आणि हेडच्या जोडावर पिचकारीनं साबणाचं पाणी मारलं. काही जण इथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. गरम सायलेन्सर एक वीत अंतरावर असताना तो धंदा करू नका. वरच्या बाजूला पाणी पडलं तेव्हा काही नाही. खालच्या बाजूला, दोन नटांच्या मधोमध पाणी पडलं आणि इंजिनाचा सूर बदलला. ठोके खाली आले, फेस आत ओढला गेला.

कार्ब काढला. फ्लँजवरची (हेडला नटांनी जोडल्या जाणाऱ्या सपाट तोंडावरची) ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) काढली आणि फ्लँज कपाटाच्या जुन्या आरशावर ठेवला. दोन्ही कानांच्या (नटांच्या भोकांच्या) बाजूला काचेला टेकलेला, मध्ये उजेड दिसतोय. फट मोजायच्या फीलर गेजची ०.२० मिलिमीटरची पाती सरळ आत गेली. फ्लँज वाकला होता. अ‍ॅल्युमिनियमचा भाग, कडेला दोन नट, मध्ये ओ-रिंगचा उठाव: नट जोरात आवळले की कान पुढे ओढले जातात आणि मधला भाग मागे राहतो. आणि नट कोण आवळत होतं? मी. प्रत्येक वेळी सेटिंगसाठी कार्ब उघडला की बसवताना ‘आता लीक नको’ म्हणून लांब पान्यानं थोडा अधिक जोर. प्रत्येक वेळी फ्लँज थोडा अधिक वाकला. नवीन बसवलेल्या कार्बात ओ-रिंग काही दिवस फट भरून काढायची, मग दबून बसली की हवा सुरू. माझे पंधरा दिवस आणि दहा दिवस म्हणजे त्या ओ-रिंगचं आयुष्य होतं. मी जेट बदलून जो आजार बरा करत होतो, तो जेट बदलताना मीच वाढवत होतो.

दुरुस्ती साधी आहे, घाई मात्र नको. काच सपाट टेबलावर, तिच्यावर पाण्यात भिजवलेला ४०० चा पॉलिश पेपर, आणि कार्ब त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. सगळं तोंड पुठ्ठ्यानं आणि टेपनं बंद करून घ्या, कण आत गेले तर नवीन दुखणं. आधी दोन्ही कान चकाकतात, मग हळूहळू चकाकी मध्यापर्यंत येते. ती ओ-रिंगच्या खाचेभोवती सलग झाली की थांबायचं. जास्त घासलं तर खाच उथळ होते, ओ-रिंग जास्त बाहेर येते आणि फ्लँज पुन्हा तिच्यावरच डुलतो. कार्ब आणि हेडच्या मधला बेकलाइटचा तुकडाही तपासा, माझा एका कोपऱ्याला चिरला होता. नवीन बेकलाइट, दोन्ही बाजूंना कागदी गॅस्केट, पेट्रोलला टिकणारी ओ-रिंग. नट आखूड पान्यानं, दोन बोटांच्या जोरानं, आळीपाळीनं. गाडी गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा हलका हात.

लीक गेल्यावर मी सगळं मुळावर आणलं: पायलट २५, क्लिप तिसऱ्या घरात, मेन ११०. हे महत्त्वाचं आहे, कारण आधीची सगळी सेटिंग चोरट्या हवेला धरून केली होती. गाडी वीस मिनिटं चालवून गरम केली, स्लो थोडा वाढवला, एअर स्क्रू पूर्ण आत (हलक्या हातानं, त्याचं टोक नाजूक असतं) आणि मग पाव-पाव फेरा बाहेर. जिथे ठोके सगळ्यात वर आणि एकसारखे येतात ती जागा. माझी आली पाऊण फेऱ्यावर. जागा एक फेऱ्याच्या आत आली तर पायलट लहान आहे, अडीचच्या पुढे गेली तर मोठा. ३० टाकल्यावर तीच जागा पावणेदोन फेऱ्यांवर आली. म्हणजे पायलट खरोखरच वाढवायला हवा होता, फक्त मी ते चुकीच्या कारणानं केलं होतं.

पायलट लहान का पडला, याचं अर्धं उत्तर मोठ्या कार्बात आहे आणि अर्धं पंपावर. ई-२० मध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास बसतो. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून जुळवून घेतात. आपल्या कार्बला कोण सांगणार? त्याच जेटमधून तेवढंच इंधन येतं आणि मिक्श्चर पातळ पडतं. ई-१० च्या काळात नीट लागलेली गाडीही आता तीन-चार टक्के पातळ चालते, आणि ते सगळ्यात आधी स्लोवर आणि पहिल्या पाव मुठीत जाणवतं.

जेट घेताना एक लक्षात ठेवा. नंबर एकच असला तरी वस्तू एकच असेल असं नाही. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा नंबर त्यातून किती पेट्रोल वाहतं त्याचा असतो, गोल जेटवरचा भोकाच्या मापाचा. केहिनचा ११० आणि मिकुनीचा ११० यांची तुलना करू नका. बाजारात पुडीत मिळणारे बिननावाचे जेट उजेडासमोर धरून जुन्याशी ताडून पाहा. आणि पायलट तुंबला तर तार घालू नका. कार्ब क्लीनर आणि हवा. भोक केसभर मोठं झालं तर नंबरला काही अर्थ उरत नाही.

स्लोचं मिक्श्चर कानावर न सोडता आकड्यात बघायचं असेल तर पीयूसी सेंटर. नळी सायलेन्सरमध्ये घातली की स्क्रीनवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा हलताना दिसतो. ओळखीच्या पीयूसीवाल्याला दुपारच्या रिकाम्या वेळी गाठलं आणि स्क्रू फिरवत आकडा पाहिला. लीक असताना मशीन १.१ टक्का दाखवत होतं आणि आकडा सारखा नाचायचा. आता ३.१ वर स्थिर उभा राहिला. मार्च २००० च्या आधीच्या दुचाकींना मर्यादा ४.५ टक्के आहे, तेव्हा पासही झालो. तो म्हणाला, “काका, लोक इथे आकडा कमी करायला येतात, तुम्ही वाढवून घेताय.”

तरी साडेतीन ते सात मिलिमीटरच्या बिटांमधल्या जागेत थोडा अडखळा राहिलाच. ती जागा पिस्टनच्या कटची. पिस्टनच्या फिल्टरकडच्या कडेला जो तिरका कट असतो त्यावर नंबर असतो. नंबर मोठा म्हणजे कट मोठा, हवा जास्त, मिक्श्चर पातळ. माझा ३.० होता. २.५ चा मिळवायला दोन महिने गेले, स्वस्तही नव्हता, पण स्वारगेटच्या सिग्नलचा खरा निकाल त्यानं लावला. क्लिप तिसऱ्या घरातच ठेवली, चौथ्यात चाळीसला इंजिन जड बोलायला लागलं. पिस्टन घेण्याआधी जुना हलवून बघा. बॉडीत खडखडत असेल तर झिजला आहे, आणि मग कुठलंच सेटिंग टिकणार नाही.

पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जाऊन आलो. पुण्याहून साधारण ८०० मीटर वर, हवा सात-आठ टक्के विरळ, म्हणून तिथे सकाळी जरा जाड वाटली. स्क्रू पाव फेरा बाहेर घेतला, येताना वाईत परत आत. जेटला हात लावायची गरज पडली नाही.

इंजिन हजार आरपीएमच्या खाली असताना, टॉप गिअरमध्ये, एकदम पूर्ण मूठ पिळली तर अजूनही भक्क करते. २८ चा कार्ब ३५० वर आहे, ते तसंच राहणार. गिअर एक खाली टाकायचा. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहून ठेवलंय: पायलट ३०, स्क्रू १¾, पिस्टन २.५, क्लिप ३, मेन ११०. त्याखाली मोठ्या अक्षरात ‘आखूड पाना’. २४ चा जुना कार्ब माळ्यावर कापडात गुंडाळून आहे. कुणी मागितला तर देणार नाही.